आमचे स्काऊटचे सर

(1986 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘स्काऊटच्या सरांवर पाच मिनिटं बोल.’ सरांचं नाव मी घेणार नाही. या सभागृहात नुसतं ‘सर’ म्हटलं, की खाकी शर्ट, गळ्यात स्कार्फ आणि शिट्टी, हातात लाठी हेच रूप सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतं.

सर मूळचे सांगलीकडचे, कृष्णाकाठच्या गावचे. नोकरीसाठी साताऱ्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत इथंच राहिले. वर्गात ते शुद्ध बोलायचे, पण डोंगरावर पाय ठेवला की गावाकडची बोली सुरू व्हायची. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, कास हे सगळं त्यांनी आपल्याला पायी दाखवलं. कासला तेव्हा गाड्यांची रांग नव्हती, कुंपण नव्हतं. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा मी घरात सांगितलं, ‘आम्हाला हे सरांनी आधीच सांगितलं होतं.’ फूल तोडलं तर पुढच्या शनिवारी मैदान झाडायचं, हा त्यांचा नियम होता.

भूगोलही त्यांनी असाच शिकवला. ‘हितलं पाणी कुठं जातं रं?’ असं विचारायचे. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. ‘म्हंजे तुमच्याकडं पडलेला पाऊस आमच्या दारात येतो,’ असं म्हणून हसायचे. ते वाक्य मला पुढे फार वेगळ्या तऱ्हेने कळलं.

गाठी, शेकोटी, खरी कमाई, सोपान या सगळ्यांच्या आठवणी तुम्ही सांगालच. मला मात्र आज माझी एक चूक सांगायची आहे.

डिसेंबर 1984. आपण नववीत होतो. यवतेश्वरला शिबिर होतं. तीन संघ, चोवीस मुलं. मी संघनायक, त्याचा तोरा होताच. परतताना पहिलं पोचायच्या नादात मी माझा संघ पळवत खाली आणला. सरांनी विचारलं, ‘किती हाईत?’ मी न मोजताच सांगितलं, ‘आठ, सर.’

सरांनी स्वतः मोजले. सात होते.

त्यांनी मला ना मारलं, ना रागावले. बाकीच्यांना दुसऱ्या सरांच्या ताब्यात दिलं, कंदील घेतला आणि मला म्हणाले, ‘चल.’ अंधार पडला होता. चढताना ते एक शब्द बोलले नाहीत. अर्ध्या वाटेवर शिट्टी ऐकू आली. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. चपलेचा अंगठा तुटला म्हणून तो मागे राहिला होता. वाट चुकली तर जागा सोडायची नाही आणि शिट्टी वाजवायची, हे शिकवल्याप्रमाणे एका झाडाखाली बसून राहिला होता. मी शिकवलेलं विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

सरांनी त्याला आपल्या चपला दिल्या आणि स्वतः अनवाणी उतरले. खाली आल्यावर मला एवढंच म्हणाले, ‘बेडन पॉवेल साहेबानं 1907 ला ब्राउनसी बेटावर वीसेक पोरं नेली. नेणं सोपं असतं. मोजून परत आणणाऱ्याला नायक म्हणायचं.’ माझं संघनायकपद त्यांनी काढून घेतलं नाही. ते काढून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नोकरीमुळे मी सांगलीला स्थायिक झालो. ऑगस्ट 2019 चा महापूर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. आयर्विन पुलाजवळच्या पाण्याने 2005 ची पातळीही मागे टाकली. आम्ही काही जण एका शाळेतल्या निवाऱ्यावर काम करत होतो. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ जादा माणसं बसलेली बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. ती बातमी आल्यावर मी वही घेऊन दारात बसलो. प्रत्येक बोटीतून किती उतरले, कोणत्या घरातले, घरात एकूण किती, हे सगळं लिहायचं. लोक वैतागायचे. ‘अहो, माणसं भिजलीत, आणि तुम्ही आकडे कसले विचारताय?’

एका घरातली चार माणसं उतरली. वहीत पाच होती. सुनेला वाटत होतं, आजी पहिल्या बोटीने पुढे आल्या. मुलाला वाटत होतं, त्या मागच्या बोटीत आहेत. बोट परत पाठवली. आजी पोटमाळ्यावर होत्या, शेळीचं दावं हाताला गुंडाळून. दोघीही आल्या.

त्या रात्री मी सरांना फोन केला. ऐंशी ओलांडली होती, ऐकू कमी यायचं. यवतेश्वरची ती रात्र, तो मुलगा, माझं खोटं ‘आठ’ असं सगळं पहिल्यांदाच बोललो. ते म्हणाले, ‘मला काय आठवत नाही बाळ. पण पोरगं सापडलं हुतं न्हवं?’

पस्तीस वर्षं मी जे उराशी धरून होतो, ते त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. सापडलं होतं, तेवढंच त्यांना पुरेसं होतं. पुढच्या वर्षी सर गेले. आणि तो मुलगा आत्ता तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे बघून हसतोय.

मित्रहो, आपल्या शाळेत आता स्काऊटचं पथक चालत नाही. गणवेश आहे, झेंडा आहे, पण शनिवार द्यायला माणूस नाही. हारतुऱ्यांवर खर्च करण्यापेक्षा आपल्यातल्या बाराजणांनी महिन्याचा एकेक शनिवार वाटून घेतला, तर वर्षभर पथक चालेल. मुख्याध्यापकांची परवानगी मी घेतली आहे. पहिलं नाव माझं लिहिलं आहे.

आणि उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून आपण यवतेश्वरला चालत निघणार आहोत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी गाडी असेल. वही दाराशी ठेवली आहे, येणाऱ्यांनी नाव लिहा. मोजून नेऊ आणि मोजूनच परत आणू.