देशाची प्रगती आणि शाळेचा पट



एखादा देश पुढारलेला आहे की मागासलेला, हे कशावरून ठरवावे? पुष्कळ काळ यास एकच उत्तर दिले जाई : राष्ट्रीय उत्पन्नास लोकसंख्येने भागावे व येणारा भागाकार पाहावा. परंतु हे उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी घालून दिली, त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटला बजावले होते की, एवढ्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे कठीण आहे.

१९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध केला. पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक हे त्याचे प्रवर्तक. आपले अमर्त्य सेन त्यांचे सहकारी. त्या अहवालात श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न ४०० डॉलर, तर सौदी अरेबियाचे ६,२०० डॉलर होते. तथापि सरासरी आयुर्मान श्रीलंकेत ७१ वर्षे आणि सौदी अरेबियात ६४. प्रौढ साक्षरता अनुक्रमे शेकडा ८७ आणि ५५. श्रीलंकेने १९४५ पासूनच शिक्षण विनामूल्य केले होते, त्याचे हे फळ होय. पुढे सौदी अरेबियानेही शाळा व दवाखाने वाढविले आणि आज तो या मोजणीत श्रीलंकेच्या पुढे आहे.

या निर्देशांकाची अंगे तीन : आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न. २०१० पासून तिन्ही अंकांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ घेतात. समजा, दोन अंगे ०.९ व तिसरे ०.३ आहे. साधी सरासरी ०.७० येते, घनमूळ मात्र सुमारे ०.६२. म्हणजे एका अंगाची उणीव इतर दोहोंच्या भरीने झाकली जात नाही.

शिक्षणाच्या अंगात दोन गोष्टी येतात. पंचवीस वर्षे व त्यावरील वयाच्या माणसांनी सरासरी किती वर्षे शिक्षण घेतले, ही एक. आज शाळेत येणाऱ्या बालकास एकंदर किती वर्षे शिक्षण मिळण्याची अपेक्षा आहे, ही दुसरी. आणि ती पटसंख्येवरून काढतात. जगाच्या कोष्टकातील आकड्याचा उगम असा शाळेच्या नोंदवहीत असतो.

परंतु पट म्हणजे हजेरी नव्हे आणि हजेरी म्हणजे विद्या नव्हे. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेले मूल पटावर असते, वर्गात नसते. त्याची खोटी हजेरी मांडली, तर आकडा शोभिवंत दिसेल. परंतु ते मूल कोणाच्याच दृष्टीस पडणार नाही, आणि जे दिसत नाही त्यावर उपाय होत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. जे मूल गेले, ते गेले असे लिहावे. कोणत्या गावी गेले, ते विचारून टिपून ठेवावे, तेथील शाळेस कळवावे आणि ते परत येताच त्याचा मागे पडलेला अभ्यास भरून घ्यावा. हे शेवटचे काम कोणत्याही निर्देशांकात मोजले जात नाही. ते केवळ आपणच करू शकता.