गर्दी कुठे आणि आपण कुठे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही लेण्यांविषयी बोलणार आहोत. तिथे माणसे किती येतात, आणि त्यात आपण किती?

अजिंठा घ्या. भिक्षू गेले, रान माजले. कित्येक शतके आजूबाजूची गावकरी मंडळी सोडली तर तिकडे कुणी फिरकले नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, त्याला लेणी दिसली. मग जगाची रीघ लागली. १९८३ साली अजिंठा-वेरूळ दोन्ही जागतिक वारसा झाले.

तरीही वेरूळला माणूस जास्त जातो. का? वेरूळ छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभर. वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला, शेजारी घृष्णेश्वर. कार्ल्याला तर चैत्याच्या दारातच एकवीरेचे देऊळ. गर्दी देवीची, चैत्य बघणारे थोडे. म्हणजे गर्दी रस्ता बघते, सोय बघते, नवस बघते. गर्दीवरून जागेचे मोल ठरत नाही.

आपलीही गर्दी असते. ६ डिसेंबरला दादरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला लाखो लोक जातात. २०२० साली कोरोनामुळे घरूनच वंदन करावे लागले. बंदी उठली तसा जनसागर परत आला. त्याला कुणाची जाहिरात लागली नाही. तो बाबासाहेबांवरचा जीव आहे.

पण मग कान्हेरी? बोरिवलीपर्यंत लोकल, पुढे उद्यानातली बस. शंभरावर लेणी, पाण्याची टाकी, दान देणाऱ्यांचे शिलालेख. आपल्या वस्तीतली किती पोरे तिथे गेली? वॉटरपार्कला सगळी जाऊन आली! बाहेरच्यांनी आपला वारसा बघायचा, आणि आपण तो कॅलेंडरवर बघायचा, हे बरे नाही.

जायचे तर नीट जायचे. त्या स्मिथने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून ठेवले. आपली पोरेही बदाम काढून नावे कोरतात. कार्ल्यालाही एक नाव आहे, दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे. त्याने घाम गाळला म्हणून ते कोरले गेले. कामगाराचे नाव दोन हजार वर्षे टिकले! नाव राखायचे तर असे राखावे. आणि अजिंठ्यात चित्रांना हात लावू नका, फ्लॅश मारू नका. माणसांच्या श्वासाच्या दमटपणानेसुद्धा रंग खराब होतात. तिथे गर्दी वाढली तर जबाबदारीही वाढते.

म्हणून आमची विनंती आहे. यंदाच्या वर्षावासात एका रविवारी विहारातर्फे कान्हेरीला जाऊ. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचे तिकीट नाही. डबा घरून घ्या, कचरा परत आणा. तिथे बुद्धवंदना घेऊ, पोरांना शिलालेख दाखवू. प्रत्येक घरातून निदान एक मूल आले पाहिजे. आजच नावे नोंदवा.

जयभीम! नमो बुद्धाय!