वजन घटविण्याची वाट : घाई नको, धीर हवा

(पंचायत समितीच्या सभागृहात शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



कुपोषण या विषयावर या सभागृहात अनेकदा विचारविनिमय झाला आहे आणि ते काम अद्याप संपलेले नाही. परंतु त्याच गावांत, कधी कधी त्याच घरात, अतिरिक्त वजनाचा प्रश्नही येऊन ठेपला आहे. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. आपल्यापैकी पुष्कळांचे काम बैठे आहे. सायकलची जागा मोटारसायकलने घेतली आणि प्रत्येक बैठकीला साखरेचा चहा व बिस्किटे आली.

वजन कमी कसे करावे, याची माहिती आज कोणासही मिळते. कमी पडतो तो धीर. पहिल्या महिन्याचा उत्साह तिसऱ्या महिन्यात का ओसरतो आणि तो कसा टिकवावा, एवढ्याच मुद्द्यावर मी बोलणार आहे.

प्रश्न दिसण्याचा नव्हे

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांत माता व बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. भारतीय माणूस अंगाने बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबी अधिक असू शकते, हे त्यांच्या संशोधनाने दाखविले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व इंग्लंडमधील डॉ. जॉन यडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३, परंतु चरबीचे प्रमाण डॉ. यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की, वजनकाट्याबरोबर शिंप्याची फीतही जवळ ठेवावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

वजन अडते का?

आहार कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो वजन उतरते आणि माणूस हरखून जातो. त्यातील बराच भाग पाण्याचा असतो. शरीर काही साखर साठवून ठेवते व तिच्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. हा साठा वापरला गेला की ते पाणीही निघून जाते. चरबी मात्र सावकाश उतरते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या, तरी आठवड्याला अर्धा किलोच्या आसपासच घट होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि आहार १,००० कॅलरींच्या खाली नेऊ नये, असे सांगितले आहे.

पुढे ही गतीही मंदावते. हलक्या झालेल्या शरीराला कमी अन्न पुरते. शिवाय शरीर आपला जुना साठा सहजासहजी सोडत नाही. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वजन घटविल्यानंतर एक वर्ष उलटले तरी भूक वाढविणारे शरीरातील बदल कायम होते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भूक वाढली आणि काटा हलेनासा झाला, तर तो मनाचा दुबळेपणा समजू नये. तो शरीराचा धर्म आहे. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण निराश होऊन प्रयत्न सोडतात, आणि गेलेले वजन परत येते.

अंगणवाडीचा धडा

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडी सेविका बालकाचे वजन घेऊन वाढीच्या तक्त्यावर नोंदवीत आल्या आहेत. सेविका एका नोंदीवरून निर्णय देत नाही; रेषा कोणत्या दिशेने चालली आहे, हे पाहते. हाच न्याय आपण स्वतःस लावावा.

मीठ, पाणी, पोट साफ होणे, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी, यांमुळे वजन दिवसागणिक किलो-दीड किलोने सहज खालीवर होते. रोजच्या आकड्यावर आनंद वा शोक करणे व्यर्थ आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे. महिन्याच्या चार नोंदींची सरासरी आलेखाच्या कागदावर मांडावी आणि कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा.

माझ्या परिचयाचे एक केंद्रप्रमुख या रीतीने चालले. पाच महिन्यांत त्यांचे वजन ८८ वरून ८३ किलोवर आले आणि पुढील दोन महिने तेथेच थांबले. घरचे म्हणू लागले, आता पुरे. परंतु त्या दोन महिन्यांत कमरेचा पट्टा एका छिद्राने आत गेल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी चालणे सोडले नाही. चौदाव्या महिन्यात काटा ७९ वर आला.

काट्यापलीकडचे यश

चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार सुधारलेल्या व नियमित चालणाऱ्या गटात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे या गटाच्या सरासरी वजनात लक्षणीय घट झाली नव्हती. काटा स्थिर होता, तरी कष्ट वाया गेले नाहीत.

वजनही उतरले, तर लाभ मोठा. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका कार्यक्रमात वजन ७ टक्के घटविणे व आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम ही उद्दिष्टे होती. तेथे मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलोच्या माणसास ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. पहिले उद्दिष्ट एवढेच ठेवावे.

धीर टिकविण्याचे उपाय

पहिला उपाय, जे आपल्या हाती आहे तेच उद्दिष्ट ठरवावे. 'महिन्यात दोन किलो' हे आपल्या हाती नाही. 'आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे' हे आहे.

दुसरा, एका वेळी एकच बदल करावा. आधी चहातील साखर निम्मी करावी. ते अंगवळणी पडले की महिन्याचे तेल मोजून आणावे. मग ताटात भात कमी करून उसळ व भाजी वाढवावी. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे व तळलेले बटाटे खाल्ल्याने वजन घटत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा, खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. दिवाळीचा फराळ वा लग्नातील एक पंगत यांनी महिन्यांचे काम बुडत नाही. ते बुडते 'आता मोडलेच आहे' असे म्हणून हात टेकल्याने. आदल्या दिवसाच्या भरपाईसाठी उपाशीही राहू नये.

चौथा, सोबत असावी. घरात एकासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस चालत नाही. सर्वांचेच ताट थोडे बदलावे. उरलेले अन्न टाकवत नाही म्हणून ते घरातील माऊलीच संपविते, याचाही विचार घराने करावा.

येथे शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात वा खोलीत कोणाच्याही अंगलटीवर विनोद होऊ देऊ नये. लाजेने कोणी बारीक होत नाही. लाजेने माणूस लपून खातो.

मधुमेहाची औषधे घेणारे, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनी वैद्यकीय सल्ल्याविना आहार घटवू नये. प्रयत्न न करता वजन उतरू लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

ग्रामपंचायतींना यात पुष्कळ करता येईल. बैठकीत बिनसाखरेचा चहा व साखर वेगळी ठेवावी, शाळेचे मैदान पहाटे चालण्यासाठी खुले करावे, गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे लावावेत. रस्त्यावर दिवा असेल, तर स्त्रियाही निर्धास्तपणे चालू शकतील.

वजन अनेक वर्षांत चढलेले असते. ते उतरण्यास वर्ष-दीड वर्ष लागले, तर तो विलंब म्हणू नये. उद्दिष्ट गाठल्यावरही याच सवयी चालू ठेवावयाच्या आहेत, म्हणून जन्मभर निभावतील अशाच सवयी आज निवडाव्यात. येत्या सोमवारी सकाळी पहिली नोंद करावी आणि वर्षभर ती रेषा निष्ठेने पुढे न्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.