वडीलधाऱ्यांचे टपाल
(न्यासाच्या महोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवात गतकार्याचा गौरव व्हावा हे योग्यच आहे. परंतु तो करण्यास आमच्याहून अधिकारी वक्ते येथे आहेत. आम्ही आपले लक्ष एका साध्या घरगुती गोष्टीकडे वेधणार आहोत. आपले पूर्वज गायकवाडांच्या चाकरीनिमित्त बडोद्यास आले, तेव्हा गावाकडच्या पत्राकडे त्यांचे डोळे लागलेले असत. आज आपली मुले पुण्या-बंगळुरास आणि सातासमुद्रांपलीकडे आहेत. घरी राहिलेल्या आजी-आजोबांच्या हाती मोबाईल आहे आणि त्यात ई-मेलचा पाऊस पडतो आहे. त्यांतील पुष्कळ पत्रे लबाडांची असतात.

ही लबाडी मात्र नवी नव्हे. परदेशी तुरुंगात अडकलेल्या धनिकाच्या सुटकेसाठी पैसे पाठवा, दामदुपटीने परत मिळतील, अशी खोटी पत्रे एकोणिसाव्या शतकातही युरोपात टपालाने फिरत. संगणकाच्या मार्गाने, न मागता, एकदम सुमारे चारशे जणांस जाहिरातीचे पत्र अमेरिकेत १९७८ साली गेले. वाहन बदलले, एवढेच. तेव्हा आपले वडील फसतात ते अडाणी म्हणून, असे कोणी समजू नये. भाजीबाजारात ज्या आत्याबाई एकेक वांगे पारखून घेतात, त्याच ‘आज रात्री तुमचे खाते बंद होईल’ हे वाचून गडबडतात. ज्या पिढीने सरकारी कागदाचा मान राखला आणि आलेल्या पत्रास उत्तर देणे हा शिष्टाचार मानला, तिच्या या सद्गुणांवरच लबाड आपले जाळे टाकतो. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, हेही त्याला ठाऊक असते.

म्हणून त्यांना संगणकशास्त्र शिकविण्याचा खटाटोप करू नये. त्यांच्याजवळची पारख या पत्रांकडे वळवावी, म्हणजे पुरे. भीती, लोभ आणि घाई यांपैकी एक जरी पत्रात दिसले, तरी हात आवरावा. पाठविणाऱ्याच्या जागी बँकेचे नाव असले, तरी ते नाव कोणासही लिहिता येते. त्यावर बोट टेकविल्यास खरा पत्ता दिसतो. तोही हुबेहूब बनविता येतो, म्हणून पत्रातील दुव्याने बँकेत जाऊच नये. पासबुकावरील किंवा कार्डामागील क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. बँकांच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा असावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली ठरवून दिले आहे. ही खूण आजोबांच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. ओटीपी ही घराची किल्ली होय; ती बँक मागत नाही, मागतो तो चोर. संशयित पत्रास रागाचे उत्तरही देऊ नये, कारण पत्ता जिवंत आहे एवढे कळले तरी लबाडाचे काम होते. ‘स्पॅम’चे बटण दाबून मोकळे व्हावे.

येथवर सोपे आहे. कठीण आहे ते आपल्या जिभेला आवर घालणे. ‘किती वेळा सांगितले तुम्हांला!’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. ते ज्यांनी एकदा ऐकले, ते पुन्हा विचारीत नाहीत. आणि पैसे गेले तर ती गोष्ट मनात दडवून ठेवतात. लबाडाला हवा असतो तो हाच अवधी. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात पळत असते. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी ती वाटेत अडण्याची आशा अधिक. त्यासाठी १९३० हा सरकारी मदतक्रमांक आहे. बँकेसही त्याच क्षणी कळवावे. ग्राहकाच्या हातून ओटीपी गेला असला, तरी बँकेस कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या नियमांत म्हटले आहे. म्हणजे आजीने पाच मिनिटांत सांगितले की पाच दिवसांनी, यावर सारे अवलंबून असते. आणि ती केव्हा सांगेल, हे आपण तिच्याशी कसे बोलतो यावर ठरते.

दुसरी चूक उत्साहाची. मुलगा सुटीवर येतो, वडिलांचा मोबाईल ओढून घेतो, सारे पासवर्ड बदलतो आणि निघून जातो. वडील आपल्याच घरात परके होतात. त्यापेक्षा शेजारी बसावे, मोबाईल त्यांच्याच हाती असू द्यावा, बोट त्यांचेच असावे. ‘नाना, हे पत्र तुम्हांला कसे वाटते?’ असे विचारावे. दहा वेळा विचारले तर दहाही वेळा शांतपणे सांगावे. आपल्याला पाढे शिकविताना त्यांनी वेळा मोजल्या नव्हत्या.

ज्यांची मुले दूर आहेत, त्यांच्यासाठी न्यासाच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ दोघा-तिघा तरुणांनी बसावे, अशी आमची विश्वस्तांस विनंती आहे. त्यास निधी नको, इमारत नको. दोन खुर्च्या आणि गोड वाणी पुरे. आपल्या वडिलांनी पै-पै जोडून हा न्यास उभा केला. त्यांची उरलेली पै आणि त्यांचा मान ही दोन्ही राखणे आता आपल्याकडे आले आहे.