श्वासाला नाम जोडावं कसं



वाचक माउली, हे बोलणं एकादशीच्या दुपारचं आहे. कीर्तनाला अभंग लागतो, त्याची चाल, त्याची प्रमाणं, सगळी शिस्त पाळावी लागते. दुपारी तसं नसतं. मंडळी सतरंजीवर टेकलेली असतात, कुणी पाय चेपत असतं, कुणी राजगिऱ्याचा लाडू फोडत असतं, आणि खरे प्रश्न तेव्हाच येतात. असाच एक प्रश्न आला, त्याचं उत्तर लांबलं, ते कुणीतरी ध्वनिमुद्रित केलं आणि आता तुमच्या हातात छापून आलं. बोललो तसंच ठेवलं आहे. मागंपुढं झालं असेल ते सांभाळून घ्या.

दिंडीतल्या एक मावशी. तोंडात नाम, गळ्यात माळ, पिशवीत दम्याचा पंप. त्या म्हणाल्या, "महाराज, तुम्ही सांगता श्वासागणिक नाम घ्यावं. मला जरा चढ लागला की श्वासच पुरत नाही. तोंडातलं नाम अर्ध्यात तुटतं. मग माझं नाम वाया जातं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. मंडळींना वाटलं, महाराज प्रमाण आठवतायत. प्रमाण नव्हतो आठवत. मला एक माणूस आठवला होता.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात सप्ताह होता. तेव्हा माझा गळा चांगला होता, छाती दणकट होती, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा ताठाही होता. कीर्तनात मी सांगून बसलो, "श्वास आत घ्या, कोंडून धरा, धरलेल्या श्वासात अकरा वेळा नाम घ्या आणि मग सोडा. हा खरा जप!" कुंभकाबद्दल मी पोथीत वाचलं होतं. कुणाच्या पायाशी बसून केलं मात्र नव्हतं. पण सांगितलं असं, की जसं काही जन्मभर तेच करत आलोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समोर एक आजोबा बसायचे. सत्तरी ओलांडलेली, काकडा कधी चुकवायचे नाहीत. त्यांनी माझा शब्द प्रसादासारखा पदरात घेतला. चौथ्या दिवशी पहाटे काकड्याला बसल्या जागी श्वास कोंडून धरला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते दगडी खांबावर जाऊन आपटले. कपाळ फुटलं. पाच टाके पडले.

मी भेटायला गेलो. डोक्याला पट्टी बांधलेली. मला बघून उठून बसायला लागले आणि म्हणाले, "महाराज, माझीच साधना कमी पडली."

माउली, हे वाक्य मी अजून गिळू शकलेलो नाही. चूक माझी होती आणि ती त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतली. मी तिथं म्हणायला हवं होतं की आजोबा, चूक माझी. मी म्हटलं नाही. पाया पडलो, "काळजी घ्या" म्हणालो आणि निघालो. आता ते नाहीत. म्हणून छापून येणाऱ्या या बोलण्यात सांगून ठेवतो: ते सांगणं चुकीचं होतं. कुणी माझ्या तोंडून ऐकून अजून करत असेल, तर त्यानं आजच सोडावं.

त्यानंतर बरीच वर्षं मी या विषयावर तोंड उघडलं नाही. आमच्या गुरुवर्यांकडं पुन्हा गेलो, विद्यार्थ्यासारखा. ते थकलेले होते, बोलणं कमी झालं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बैल चालत असताना गाडीत बसता येतं का रे?" म्हटलं, येतं. "मग पराणी कशाला टोचलीस?"

श्वास हा चालता बैल आहे. तुम्ही जन्मायच्या क्षणी तो जुंपला गेला. तुम्ही झोपता तेव्हाही तो चालतो, भांडता तेव्हाही चालतो. त्याला कसं चालायचं ते शिकवायचं नाही. नामाला उचलून फक्त त्या गाडीत ठेवायचं.

आपल्या जुन्या लोकांनी हे किती बारीक बघितलंय! दिवसरात्रीच्या साठ घटका, एका घटकेची साठ पळं, एका पळात सहा श्वास. गुणाकार करा, २१,६०० होतात. मिनिटाचा हिशेब केला तर पंधरा. घड्याळ लावून बसा, निवांत बसलेल्या माणसाचा आकडा त्याच्या आसपासच येतो. या २१,६०० श्वासांनाच अजपा जप म्हटलं आहे. अजपा म्हणजे न जपता होणारा. ध्यानबिंदू आणि योगचूडामणी या उपनिषदांत तो आहे, आणि समर्थांच्या दासबोधात सतराव्या दशकात अजपानिरूपण नावाचा समासच आहे. श्वास बाहेर जाताना 'ह', आत येताना 'स'. बाहेर पडण्यापासून ऐकलं तर 'हंस', आत येण्यापासून ऐकलं तर 'सोहं'. लोक यावर वाद घालतात की आधी कोणतं. रहाटगाडग्याला पहिला पोहरा कुठला असतो? चाक तेच आहे.

यात एक गंमत बघा. २१,६०० मध्ये झोपेतलेही श्वास धरलेत. म्हणजे झोपलेल्या माणसाचा जपही जमेस धरलाय. मग दम लागलेल्या माणसाचा का धरला जाणार नाही?

ही विद्या ज्ञानोबारायांच्या घरचीच. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून माउलींना. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात प्राण, अपान, कुंडलिनी यांचं वर्णन वाचा, अंगावर काटा येतो. पण तीच माउली सामान्य माणसाच्या हातात हरिपाठ देते. सहाव्या अध्यायाच्या वाटेला वाटाड्या लागतो, आणि तोही जवळ बसलेला. कीर्तनाच्या मांडवात हजार माणसांना एकदम सांगायची ती गोष्ट नाही. मी नेमकं तेच केलं होतं.

आता करायचं कसं, ते सांगतो.

आधी नाम घेऊच नका. पाठ सरळ ठेवून बसा. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर बसा, देव काही रागावत नाही. दहा-बारा श्वास नुसते बघा. होतं काय, बघायला लागलं की श्वास बिघडतो. पाहुण्यांपुढं पोराला "गाणं म्हण" म्हटलं की ते जसं आईच्या पदराआड जातं, तसा श्वास लाजतो. त्याला लाजू द्या. थोड्या वेळानं तो विसरतो की आपल्याकडं कुणी बघतंय.

मग मोठ्यानं नाम घ्या. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण नव्या माणसाला वाटतं की मनातल्या मनात घेतलेलं नाम तेवढं उंच आणि तोंडानं घेतलेलं साधं. मनुस्मृतीत वाचिकापेक्षा उपांशु, उपांशुपेक्षा मानस जप श्रेष्ठ सांगितला आहे, हे खरं. पण पायरीवर पाय न ठेवता माडीवर कसं जाणार? तोंडानं नाम घेताना एक गोष्ट आपोआप घडते. बोलणं सोडत्या श्वासावरच होतं. करून बघा, आत ओढत्या श्वासावर 'रामकृष्णहरि' नीट म्हणता येत नाही. म्हणजे नाम म्हटलं की सोडता श्वास आपसूक लांबतो, आणि पुरा सुटला की नवा श्वास न बोलावता आत येतो. कोंडायचं काही कामच नाही. आमच्या फडावर येणाऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तो मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. ऐकून बरं वाटलं. पण माझ्या आजीला दळता दळता हे माहीत होतं. जात्याच्या फेऱ्याला ओवी आणि ओवीच्या टोकाला श्वास.

तोंडानं स्थिर झालं की ओठ हलतील एवढंच. तेही स्थिर झालं की मनात. मनात घेताना श्वास आत येतो तेव्हा 'राम कृष्ण', बाहेर जातो तेव्हा 'हरि'. 'हरि' थोडं रेंगाळेल, रेंगाळू द्या. कुणाच्या गुरूंनी वेगळं सांगितलं असेल तर गुरूंचंच धरा, माझं सोडा.

खांदे वर चढले, दात आवळले गेले, डोकं हलकं झालं, मध्येच मोठा उसासा आला, तर समजा की पराणी टोचली गेली. तिथंच नाम आणि श्वास वेगळे करा. श्वासाला मोकळं सोडा आणि नाम नुसतं तोंडानं घेत राहा. ज्यांना दमा आहे, हृदयाचं दुखणं आहे, रक्तदाब आहे, त्यांनी श्वास कोंडायच्या वाटेला अजिबात जाऊ नये. आणि पंप लागला तर तो आधी घ्यावा, नाम मागून येतं.

माळेचं म्हणाल तर एका श्वासाला एक मणी धरला की साधारण श्वासानं १०८ मण्यांना सात मिनिटं लागतात. श्वास शांत झाला की दहा, बारा. काही जण दोन मिनिटांत माळ ओढतात. ती माळ आहे, विहिरीचा दोर नव्हे!

मावशींचा प्रश्न मात्र चढाचा होता. दिवे घाटात मीही आता दोनदा बसतो. पूर्वी अख्खा घाट गात चढायचो. आता नाम आखूड होतं. वळणावर 'रामकृष्णहरि' राहत नाही, पावलागणिक नुसतं 'विठ्ठल' उरतं, आणखी वर 'वि' एका पावलाला, 'ठ्ठल' दुसऱ्या पावलाला. पण दिंडीत काय असतं बघा. हरिपाठाला दोन रांगा समोरासमोर असतात. एका रांगेनं चरण म्हटलं की दुसरी उचलते. तुम्ही श्वास घेता तेव्हा समोरचा म्हणतो, समोरचा श्वास घेतो तेव्हा तुम्ही म्हणता. तुमचा श्वास संपतो, नाम संपत नाही. एकट्या माणसाच्या छातीवर एवढं ओझं आपल्या लोकांनी ठेवलंच नाही.

हे मला पूर्ण कळलं ते आई गेली त्या रात्री. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. श्वास चालू होता, पण तुटक. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी उशाशी बसलो आणि मोठ्यानं नामघोष सुरू केला. कीर्तनकार ना मी! टाळ घेतला, भावांनी साथ धरली, खोली दणाणून गेली. शेजारची एक म्हातारी आत आली. तिनं माझ्या हातातला टाळ काढून घेतला आणि म्हणाली, "अरे, तू तुझ्या दमानं म्हणतोयस. तिच्या दमानं म्हण की."

मग आम्ही गप्प झालो. आईची छाती वर आली की थांबायचं, खाली गेली की हळूच म्हणायचं, 'रामकृष्णहरि'. मधल्या खंडात काहीच नाही. पहिल्यांदा ती शांतता सोसवेना. हात टाळाकडं जायचा. मग सवय झाली. सगळी खोली एका म्हातारीच्या श्वासावर नाम घेत होती आणि कुणालाही घाई नव्हती. तिला स्वतःला म्हणता येत नव्हतं, तिचं आम्ही म्हणत होतो. पहाटेपूर्वी एक श्वास बाहेर गेला, आम्ही नाम म्हटलं आणि पुढच्याची वाट बघत बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. त्या म्हातारीनंच उठून दिवा सारखा केला, तेव्हा आम्हाला समजलं.

मावशींना मी हेच सांगितलं. म्हटलं, तुमचं नाम अर्ध्यात तुटतं तेव्हा पुढचं अर्धं शेजारची घेते. तुम्ही त्या वेळी श्वास घ्या, तेवढंच तुमचं काम. त्या म्हणाल्या, "आणि घरी? घरी शेजारी कोण?" बरोबर पकडलं त्यांनी. म्हटलं, घरी पहाटे उठून नुसते पाच श्वास धरा. पंधराही नकोत, पाच. नाम पूर्ण बसलं नाही तर बसेल तेवढं. त्यांनी मान हलवली, पण पुरतं पटलेलं दिसलं नाही. मलाही पुढं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी चालताना माझ्या बरोबरीनं आल्या आणि म्हणाल्या, "पाच नाही झाले महाराज, तीन झाले. चौथ्याला नातवाचा फोन आला." आम्ही दोघंही हसलो, आणि त्यांना हसता हसता खोकला लागला तेव्हा रस्त्याच्या कडेला थांबलो.

असो. विणेकरी उभे राहिलेत, हरिपाठाची वेळ झाली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच म्हणा, आणि दोन रांगा जरा मोकळ्या करा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!