वकील चुकला, मुदत गेली, मग काय?
(तारोडीच्या सभेत केलेलं भाषण)



आयाबायांनो, दादांनो, परतीची बस चुकू नये म्हणून थोडक्यात बोलते. मागच्या मीटिंगला एका मावशीनं विचारलं होतं, "वकिलानं अपील टाकलंच नाही आणि मुदत गेली, तर जमीन गेलीच ना?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आज सांगते. गेलीच असं नाही. पण त्यासाठी काय लागतं ते मला माझ्या आत्याच्या केसमध्ये कळलं.

आत्याच्या शेतावर फेरफार होऊन सातबाऱ्याला दुसऱ्याचं नाव लागलं. फेरफाराविरुद्ध प्रांताकडं ६० दिवसांत अपील करायचं असतं. हुकूम आपल्या हातात पडला त्या दिवसापासून हे दिवस मोजतात. नक्कल मिळायला जेवढे दिवस लागले ते त्यातून वजा होतात. आत्यानं लावणीच्या आधीच कागद आणि पैसे वकिलाला दिले, वकीलपत्रावर अंगठा दिला. गणपतीत विचारलं, "काम चालू आहे." दिवाळीला विचारलं, तेच उत्तर. होळीच्या आधी आम्ही स्वतः कचेरीत गेलो तर रजिस्टरला अपिलाची नोंदच नाही! आत्या तिथंच पायरीवर बसली. दोन-तीन वेळा ठाण्याला जाणं म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी गेली, आणि इकडं आपण आठ महिने नुसतीच वाट बघत होतो.

मग विलंब माफीचा अर्ज केला. जमीन महसूल कायद्याच्या २५१ कलमात लिहिलंय की पुरेसं कारण दाखवलं तर मुदतीनंतरही अपील घेता येतं. कोर्टातल्या अपिलांसाठी मुदतीच्या कायद्याचं कलम ५ आहे, तेही तसंच. आणि वकिलाची चूक हे पुरेसं कारण होऊ शकतं. सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या केसमध्ये सांगितलं की खेड्यातला माणूस वकील लावतो, फी देतो, त्यानं त्याच्याकडून होतं ते केलं. वकील हजर राहिला नाही याची शिक्षा त्याला का? १९९८ च्या बालकृष्णन केसमध्ये तर ८८३ दिवसांचा उशीर माफ झाला. तो मद्रासचा माणूस वकिलाच्या भरवशावर राहिला होता. कोर्ट म्हणालं, दिवस किती ते महत्त्वाचं नाही, कारण पटतं का ते बघायचं. मात्र १०,००० रुपये समोरच्याला द्यायला लावले.

हे ऐकून मी खूश झाले होते. पण साहेबांनी आत्याला विचारलं, "हुकूम कधी मिळाला? वकिलाला कधी भेटलात? किती वेळा?" आत्या म्हणाली, "लावणीच्या आधी." साहेब म्हणाले, "तारीख सांगा." आपल्या माणसाला तारीख कुठून आठवणार? पाऊस, भात, सण, यावर आपलं वर्ष चालतं. यात आत्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण कचेरी तारखेवर चालते. शेवटी नकलेवरच्या शिक्क्याची तारीख, आणि माझ्या वहीत गाडीभाड्याचा हिशोब होता त्यातल्या तारखा, त्यावर प्रतिज्ञापत्र केलं. उशीर माफ झाला. अपील आता चालू आहे, जमीन अजून मिळालेली नाही, हेही सांगते.

उलटं कसं होतं तेही ऐका. आपल्या शेजारची मुंबई महानगरपालिका. तिच्याकडं वकिलांचं अख्खं खातं. २००३ ला ती दिवाणी कोर्टात हरली आणि सात वर्षांहून जास्त उशिरानं अपिलात गेली. कारण काय, तर कागद गहाळ झाले. हायकोर्टानं माफ केलं, पण २०१२ मध्ये मणिबेन शहा यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. कागद कुणाकडं होते, कधी हरवले, कधी सापडले, काही धड सांगितलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या महापालिकेला नुसतं "चूक झाली" म्हणून चाललं नाही, तर आपल्याला कसं चालेल?

आता वनहक्काचं. इथं जास्त सांभाळा. उपविभागीय समितीनं दावा फेटाळला किंवा क्षेत्र कापलं तर जिल्हा समितीकडं जायला ६० दिवस. २०१२ च्या सुधारित नियमांत समितीच्या मर्जीनं आणखी ३० दिवस आहेत. म्हणजे वकील आठ महिने झोपला तर इथं आत्यासारखी वाट सापडणं फार कठीण. पण निर्णय कारणांसकट आणि दावेदाराला समक्ष कळवला पाहिजे, आणि कळवल्यापासून दिवस मोजायचे. म्हणून कागद हातात आला की सही किंवा अंगठ्याखाली त्या दिवसाची तारीख घालूनच द्या. शिपाई घाई करील, करू दे. या अर्जाला वकील लागतच नाही, वनहक्क समितीनं बसून लिहायचा. आदिवासींची जमीन परत देण्याच्या १९७४ च्या कायद्यात तर वकिलाला उभं राहायलाच मनाई आहे, आणि लिंगप्पा पोचन्ना केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ती योग्य ठरवली. पैसेवाल्याचा मोठा वकील आणि आपण एकटे, असं होऊ नये म्हणून.

जिथं वकील लागेलच तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा. आदिवासीला मिळकत न बघता फुकट वकील मिळतो. पण फुकटचा असो की पैशाचा, अपील टाकलं म्हणाला की पोच मागा. पोच नाही तर अपील नाही असंच धरा.

आज प्रत्येक पाड्याला एकेक वही देतोय. शाळेत जाणाऱ्या पोरीपोरांकडं ती ठेवा. कागद कधी आला, कुणाला दिला, वकील काय बोलला, तारखेसकट लिहायचं. ज्यांच्याकडं फेटाळल्याचा कागद आलाय त्यांनी आत्ता बस यायच्या आत मला दाखवा, आपण दिवस मोजू.