थप्पी, वही आणि काळ्या रेघा



आलापल्ली म्हटलें कीं साग आठवतो. आमच्याकडील लाकडाच्या डेपोंत प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याचा ठसा असतो व क्रमांक घातलेला असतो. लांबी व गोलाई मोजून ती वहींत लिहितात आणि थप्प्या लावून लिलाव करतात. थप्पी आणि वही यांचा मेळ बसणें हें साऱ्या व्यापाराचें मूळ होय. हा मेळ राखणाऱ्या एका नव्या साधनाविषयीं, म्हणजे बारकोड वाचणाऱ्या बिनतारी यंत्राविषयीं, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आधीं माझी स्वतःची एक चूक सांगतों. शाळेंतील पुस्तकांचा साठा माझ्याकडे होता. वर्षअखेरीस वहीप्रमाणें एका पुस्तकाच्या ६३ प्रती हव्या होत्या. कपाटांत निघाल्या ३६. संशय शिपायावर गेला आणि उन्हाळ्याची सारी सुटी त्या गरिबानें तो निमूटपणें सोसला. पुढें मूळ पावती सांपडली. तीवर ३६ च होते. वहींत उतरतांना मींच आंकडे उलटे लिहिले होते. मीं त्याची क्षमा मागितली. पण गांवांत गेलेला शब्द परत येत नाहीं.

अशी उतरण्याची चूक या यंत्रानें टळते. तें रेघांवर प्रकाश टाकतें. काळी रेघ तो शोषून घेते, पांढरी जागा परत फेंकते, आणि त्या भेदावरून अंक ओळखले जातात. तेरा अंकांपैकीं शेवटचा पडताळ्याचा असतो. पहिल्यापासून अंकांस आळीपाळीनें १ व ३ नीं गुणून बेरीज केली, तर तिला १० नें नि:शेष भाग गेला पाहिजे. नाहीं गेला तर वाचन चुकलें, असें यंत्र समजतें. मग तो क्रमांक तारेवांचून, रेडिओलहरींनीं, संगणकाकडे जातो. माझा आवाज आपणांकडे आणणाऱ्या लहरींचीच हीं धाकटीं भावंडें! लहरी पोहोंचत नाहींत अशा गोदामांत क्रमांक सांठवून ठेवणारीं यंत्रेंहि मिळतात. आमच्या रानांत तींच सोयीचीं.

ही कल्पना नॉर्मन वुडलंड या अमेरिकन गृहस्थांस मॉर्सच्या तारेंतील टिंब व रेघ यांवरून, समुद्रकांठच्या वाळूंत बोटें ओढतांना सुचली. १९४९ सालीं त्यांनीं व बर्नार्ड सिल्व्हर यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला. तें १९५२ सालीं मिळालें. आज प्रचलित असलेल्या रेघांची पहिली पुडी दुकानांत वाचली गेली ती मात्र २६ जून १९७४ रोजीं, ओहायो प्रांतांतील ट्रॉय गांवीं. भारतीय संस्थेनें दिलेले क्रमांक ८९० नें सुरू होतात.

परंतु एक भेद ध्यानांत असावा. ओंडक्याचा क्रमांक त्या एकाच ओंडक्याचा असतो. साबणाच्या एकाच जातीच्या शंभर वड्यांवर मात्र एकच क्रमांक असतो. एक वडी दोनदां वाचली तर दोन धरल्या जातात. वाचावयाची राहिली तर ती हिशेबांत नाहींच. उंदरानें कुरतडलेलें पोतेंहि यंत्रास दिसत नाहीं.

म्हणून व्यापारी बंधूंनीं यंत्र अवश्य घ्यावें. पण महिन्यांतून एकदां माल हातानें मोजावा, आणि तूट निघाली तर माणसाकडे बोट दाखविण्यापूर्वीं पावती उघडून पाहावी.